चौदाव्या प्रकरणाला आधार नाही

अबोली दुपारी साडेबाराला झोपायची आणि दोनच्या सुमाराला उठायची. तेवढा दीड तास अनुया चिलीत असायची.

शरीराने ती टोरोंटोतल्या एटोबिकोच्या कॉन्डोत, सतराव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसलेली असायची. समोर लॅपटॉप, बाजूला अर्धवट खाल्लेलं केळं. पण डोकं १९११ सालातल्या चिलीच्या उत्तरेकडच्या वाळवंटात, खतासाठीच्या सोऱ्याच्या खाणींच्या एका वस्तीत. तिथे पत्र्याच्या खोल्या किती रुंद होत्या, कंपनीच्या दुकानात पावाचा भाव नाण्यांत होता की बिल्ल्यांत, धुणं धुणाऱ्या बायका साबण कुठला वापरत, असल्या गोष्टी तिला आता शेजारणीच्या घरातल्यापेक्षा जास्त माहीत होत्या.

काम तसं साधं होतं. टोरोंटोतली एक छोटी प्रकाशनसंस्था बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या काढायची. त्यातल्या बहुतेक शाळांच्या ग्रंथालयांत जायच्या. पुस्तक छापायला जाण्याआधी कुणीतरी ते ओळीओळीने तपासायचं आणि एक तक्ता भरायचा. आधार सापडला की हिरवं. चूक निघाली की लाल. शोधूनही काही हाती लागलं नाही की पिवळं. लाल असेल ते लेखकाने दुरुस्त करायचं. पिवळं असेल त्याला दहा दिवसांत आधार आणून द्यायचा, नाहीतर ते पुस्तकातून काढायचं. हा नियम संस्थेच्या मालकीणबाईंनी, मार्गरेटने, दोन वर्षांपूर्वी केला होता. त्याआधीच्या एका कादंबरीत कधी झालीच नव्हती अशी लढाई निघाली होती आणि शाळांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले होते.

अनुयाला हा नियम नवा नव्हता. पुण्यात ती सहा वर्षं एका कोशाच्या कचेरीत होती. दोन आधार नसतील तर नोंद नाही, ही तिथली शिस्त. त्या काळात संध्याकाळी स्पॅनिशचे वर्गही केले होते, तेव्हा उगाचच म्हणून केले होते. अबोलीच्या जन्मानंतर दोन वर्षं घरी काढल्यावर हे काम मिळालं ते त्या उगाच केलेल्या वर्गांमुळे. काम नीट झालं तर पुढचं पुस्तकही तिलाच, असं ठरलं होतं. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तिचं नाव येणार होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या बारीक अक्षरांचा आकार तिला पाठ होता.

कादंबरी हिमेना अरायाची होती. हिमेनाचे आईवडील चिलीत लष्कराने सत्ता घेतल्यावर पळून आलेले. ती स्वतः टोरोंटोतच जन्मलेली, वय चाळीसच्या आसपास. कव्हरच्या आतल्या घडीवर तिची ओळख ‘क्विअर लॅटिनेक्स लेखिका’ अशी होती. क्विअर म्हणजे स्त्री-पुरुष जोडीच्या चौकटीत न बसणारी, आणि लॅटिनेक्स म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांची माणसं, बाई की बुवा हा शिक्का न मारता. स्वानंदने, म्हणजे अनुयाच्या नवऱ्याने, तो शब्द वाचून विचारलं होतं, “हे औषधाचं नाव आहे का?” बँकेत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाला सगळं औषध नाहीतर पासवर्ड वाटतं.

कादंबरीत दोन मुली होत्या. सतरा वर्षांची रोसा, खाणकामगारांचे कपडे धुणारी. आणि एलेना, शिवणकाम करणारी, रोसापेक्षा वर्षभराने मोठी. वस्तीत संप होतो, रोसाचे वडील मरतात, भाऊ माटेओ बेकरीवाल्याच्या मुलीशी लग्न ठरवतो. आणि चौदाव्या प्रकरणात रोसा आणि एलेना एक खोली घेऊन एकत्र राहायला लागतात, नवराबायकोसारख्या.

अनुयाने चारशेबारा गोष्टी तपासल्या. रोसाच्या झग्याला मागून चेन होती, ती लाल. तेव्हा चेन कुठली, हूक लावत. सहाव्या प्रकरणात संपाच्या दिवशी पौर्णिमा होती. पंचांग काढून पाहिलं तर अवसेच्या दोनच दिवस आधीची तारीख. लाल. डिसेंबरच्या भर दुपारी एलेना थंडीने कुडकुडत होती, यावर तर अनुया एकटीच हसली होती. विषुववृत्ताच्या खाली डिसेंबर म्हणजे उन्हाळा. पण टोरोंटोत वाढलेल्या बाईच्या बोटांतून डिसेंबर आला की शाल आपोआप येणारच.

एवढं सगळं लाल-हिरवं करून शेवटी नऊ पिवळ्या नोंदी उरल्या. नऊच्या नऊ चौदाव्या प्रकरणातल्या.

सोमवारी अनुपचा फोन आला. अनुप करंदीकर हा त्या पुस्तकाचा संपादक. वडील एकोणीसशे एकाहत्तर साली इंजिनिअर म्हणून आलेले, हा टोरोंटोजवळच्या मिसिसागात जन्मलेला. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेलं मराठी तो अनुयाशी बोलताना हट्टाने बाहेर काढायचा आणि दर दुसऱ्या वाक्याला सोडून द्यायचा. अनुया फोन घेऊन इमारतीच्या तळमजल्यावरच्या पार्टी रूममध्ये गेली, कारण जागी असलेली अबोली आजीकडे छान राहायची, फक्त आई दिसता कामा नये.

“तक्ता बघितला,” अनुप म्हणाला. “Great work. खरंच. ते पौर्णिमेचं तर, I mean, who checks the moon?”

“सगळेच बघतात. सोपं असतं ते.”

“ओके. पण चौदा.”

“हो.”

“चौदा सगळं पिवळं आहे, अनुया. पूर्ण प्रकरणच बाहेर जातंय.”

“मी काढा म्हटलेलं नाही. आधार सापडला नाही, एवढंच लिहिलंय.”

“मार्गरेटच्या नियमात ते सेमच आहे ना. Look, मला ते प्रकरण आवडतं. कव्हरवर काय लिहिलंय आपण? क्विअर लॅटिनेक्स. आणि आत ते नसेल तर मी काय विकतोय? फक्त धुणं?”

“मग ठेवा.”

“कसं ठेवू? शाळेतला एक पालक उठणार, म्हणणार हे आजचं वेड शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांवर चिकटवलंय. मग मी तक्ता उघडणार, आणि तक्त्यात काय? नो एव्हिडन्स. तुझ्या सहीने.” मग आवाज जरा मऊ करून, “शुक्रवारपर्यंत हिमेनाने काही आणलं तर बघ. प्लीज. थोडं adjust कर.”

“ॲडजस्ट म्हणजे?”

“म्हणजे... सापडलं असं. मला मराठीत सांगता येत नाही.”

“इंग्रजीतही येणार नाही,” अनुया म्हणाली.

हिमेना मंगळवारी सकाळी वाचनालयात भेटायला आली. तिथे लहान मुलांना गोष्टी सांगायचा तास असतो. अबोली गालिच्यावर बाकीच्या मुलांत बसली आणि अनुयाने काचेच्या पलीकडचं टेबल धरलं, जिथून अबोलीची टोपी दिसत राहील. हिमेना उंच, कानात छोटे रुपेरी गोल, हातात जाडजूड पाकीट. हसली नाही, पण रुसलेलीही वाटली नाही. कचेरीत कागद जमा करायला आलेल्या माणसासारखी बसली.

“दोन गोष्टी आणल्यात,” ती म्हणाली.

पहिला एक फोटो होता, तिच्या आजीच्या डब्यातला. स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला कठडा आणि खोटी बाग. दोन बायका, एक बसलेली, दुसरीचा हात तिच्या खांद्यावर. मागे पेन्सिलने गावाचं नाव आणि १९१४.

“कोण आहेत?”

“बसलेली माझ्या आजीची मोठी मावशी. दुसरी तिच्याबरोबर राहायची. मरेपर्यंत.”

“घरात तिला काय म्हणायचे?”

“काही नाही. तिचा विषय निघाला की आजी चहा टाकायला उठायची.”

दुसरा कागद खाण कंपनीच्या दप्तरातल्या एका पानाची प्रत होती. खोल्या रिकाम्या करून घेताना कंपनीचा माणूस आतल्या सामानाची यादी करायचा. खोली क्रमांक एकतीस, दोन स्त्रिया, एक शिवणयंत्र, दोन खुर्च्या, एक पलंग.

“एक पलंग,” हिमेना म्हणाली.

अनुयाने ते पान दोनदा वाचलं. मग मान हलवली. “त्याच यादीत खोली क्रमांक सव्वीस बघ. पाच माणसं, एक पलंग. गरिबाच्या घरात पलंग एकच असतो.”

“आणि फोटो?”

“खांद्यावर हात. तेव्हाच्या निम्म्या फोटोंत खांद्यावर हात आहे. फोटो काढणाराच ठेवायला सांगायचा, हलू नये म्हणून.”

हिमेनाने दोन्ही कागद परत पाकिटात घातले. राग आला असेल तर तो तिने पाकिटातच घातला असावा. “मग पुरावा कसला हवा तुला? चर्चचा दाखला? पोलिसांची तक्रार? बहुतेक तशीच सापडतात आमची माणसं, तुरुंगाच्या वहीत नाहीतर वेड्यांच्या इस्पितळाच्या. ज्या दोघींना कुणी पकडलं नाही, ज्या नुसत्या जगल्या, त्या नव्हत्याच का?”

“मी नव्हत्या म्हणत नाही. मला सापडल्या नाहीत, एवढंच.”

“आणि तुझा संपादक त्याला नव्हत्या असं वाचतो.”

हे खरं होतं. पलीकडे अबोलीने टोपी काढून शेजारच्या मुलीच्या डोक्यावर घातली होती.

“अजून एक आहे,” अनुया म्हणाली, कारण ते आज सांगितलं नसतं तर पुन्हा सांगायचा धीर झाला नसता. “प्रकरणाच्या शेवटी एलेना म्हणते, ‘आपण कोण आहोत हे मला माहीत आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.’ हे वाक्य १९११ चं नाही. हे आत्ताचं आहे. शिवणकाम करणारी मुलगी असं बोलणार नाही. कुणीच बोलणार नाही.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“ते वाक्य रोसासाठी नाहीच.” हिमेना काचेकडे बघत होती. “मी नववीत होते, स्कारबरोला. ते वाक्य तेव्हा कुणीतरी मला म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही, म्हणून मी एलेनाला म्हणायला लावलं.”

“ते तू शेवटच्या टिपणात लिही. तुझ्या नावाने. तिथे क्विअर लिही, लॅटिनेक्स लिही, मी हात लावणार नाही.”

“चौदा वर्षांची मुलगी शेवटची टिपणं वाचते असं तुला वाटतं?”

अनुयाला तसं वाटत नव्हतं. तासाची घंटा झाली, मुलं दारातून सांडली, आणि अबोली दुसऱ्याच कुणाची तरी टोपी घालून बाहेर आली.

त्या दुपारी अबोली झोपली तरी अनुयाने लॅपटॉप उघडला नाही. ती ओट्याशी जाऊन मेथी निवडायला बसली. तिथे सासूबाई, अरुणा, आधीपासूनच बसल्या होत्या. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, पस्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांच्या हातात काहीही दिलं तरी पाच मिनिटांत त्याचे सारखे ढीग व्हायचे.

“आज लिहून नाही राहिली?” अरुणाताईंनी विचारलं.

“अडलंय.”

“काय अडलं?”

अनुयाने सांगितलं. दोन मुली, एक खोली, एक पलंग. सासूला हे कसं सांगायचं याचा विचार तिने आधी केला असता तर सांगितलंच नसतं. पण हात मेथीत होते आणि सांगून झालं. अरुणाताईंनी मान वर केली नाही. एका काडीची पानं खुडली, काडी बाजूला टाकली.

“मग तुला काय पाहिजे?” त्या म्हणाल्या.

“कागद. कुणीतरी तेव्हा लिहून ठेवलेलं. जनगणना, दाखला, काहीही. त्या दोघींचं नातं लिहिलेलं.”

“आणि ते सापडलं तर खरं?”

“हो. म्हणजे आधार.”

अरुणाताई जराशा हसल्या. “एक्क्याऐंशी साली मला जनगणनेची ड्युटी लागली होती. प्रतापनगरचा भाग. फेब्रुवारी महिना, सकाळी शाळा, दुपारी घरोघर. तिथे एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत दोन बाया राहायच्या. एक दवाखान्यात कंपाउंडर, दुसरी शिवणक्लास घ्यायची. पन्नाशीच्या असतील. आडनावं वेगळी, जातही वेगळी, घर मात्र एकदम टापटीप. मी रकाने भरून राहिले. कुटुंबप्रमुख कोण? कंपाउंडर म्हणाली, लिहा कुणीही. मी तिलाच लिहिलं. पुढचा रकाना, कुटुंबप्रमुखाशी नातं. दुसरीला विचारलं, बाई, तुमचं यांच्याशी नातं काय? ती म्हणाली, नातं काही नाही.”

“मग?”

“मग काय. मी म्हटलं, काही नाही कसं चालेल, रकाना रिकामा ठेवला की सुपरवायझर परत पाठवतो. त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला संध्याकाळच्या आत अजून बारा घरं करायची होती. मी बहीण लिहिलं.”

“बहीण?”

“होय नं. वरच्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं, आडनाव लग्नाचं आहे. कुणी विचारलं नाही.”

“त्यांनी वाचलं?”

“कंपाउंडरने वाचलं. मला चहा दिला, सोबत करंजी दिली.” अरुणाताईंनी ढीग पुढे सरकवला. “तर तुझ्यासारखी कुणी शंभर वर्षांनी बसली आणि माझा कागद तिला सापडला, तर काय लावेल ती? हिरवं?”

“हिरवं,” अनुया म्हणाली.

“बहिणी म्हणून.”

“हो.”

“बरं,” अरुणाताई म्हणाल्या, आणि मेथी धुवायला उठल्या. त्यांच्या आवाजात पस्तावा नव्हता आणि अभिमानही नव्हता.

अनुया तिथेच बसून राहिली. अरुणाताईंनी खोटं लिहिलं म्हणून तिला काही वाटलं नव्हतं. बारा घरं बाकी असताना तिनेही तेच लिहिलं असतं. तिला खुपलं ते निराळंच. त्याच गल्लीत त्या दिवशी अरुणाताईंनी निदान तीस जणींच्या पुढे ‘पत्नी’ लिहिलं असणार. त्यातल्या एकीलाही त्यांनी आधार विचारला नसणार.

बुधवारी साडेबाराला तिने तक्ता उघडला, पण चौदाव्या प्रकरणावर गेली नाही. पहिल्यापासून वाचायला लागली. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर पाण्याच्या टाकीमागे माटेओ बेकरीवाल्याच्या मुलीचं चुंबन घेतो. तिने तक्त्यात ते पान शोधलं. त्या पानाच्या चार नोंदी होत्या: टाकी लोखंडी होती का, हिरवं. बेकरी पहाटे किती वाजता उघडायची, हिरवं. मुलीच्या ओढणीचा रंग, हिरवं. माटेओच्या खिशातला चाकू, लाल, कारण तसले चाकू नंतर आले. चुंबनाची नोंद नव्हती. ते पिवळं नव्हतं, हिरवं नव्हतं, तक्त्यातच नव्हतं. चाकू तिच्या नजरेत भरला होता आणि चुंबन भरलं नव्हतं.

कोशाच्या कचेरीत सहा वर्षं काढलेल्या बाईच्या हातून ही चूक व्हायला नको होती. तिने स्वतःवर ओरडायच्या ऐवजी यादी केली. रोसाच्या वडलांचं आईवर प्रेम होतं, हे तिसऱ्या प्रकरणात. दुकानाचा मॅनेजर आपल्या बायकोला पत्रात ‘माझं सगळं’ म्हणतो. माटेओ आणि ती मुलगी लग्नानंतर एका खोलीत राहायला जातात. तिथेही एकच पलंग. अशा अकरा जागा निघाल्या. तिने अकराही जागांना आधार शोधला, त्याच दप्तरांत, त्याच वर्तमानपत्रांत, चौदाव्या प्रकरणाला शोधला होता त्याच चिकाटीने. चर्चच्या नोंदवह्यांत लग्नं होती. प्रेम कुठेच नव्हतं. टाकीमागचं चुंबन तर मुळीच नव्हतं.

अकराही जागा तिने पिवळ्या केल्या. मग चौदाव्या प्रकरणात गेली आणि एलेनाचं ते वाक्य पिवळ्यातून काढून लाल केलं. ते तिला सगळ्यात जड गेलं. दोन वाजून गेले होते, अबोली उठून पलंगाच्या कठड्याशी उभी होती आणि शांतपणे आईकडे बघत होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

गुरुवारी सकाळी अनुपचा फोन.

“हे काय आहे? माटेओचा किस पिवळा?”

“आधार सापडला नाही.”

“कशाला आधार पाहिजे? People kiss, अनुया.”

“हो.”

“आणि हे, वडील आईवर प्रेम करायचे. पिवळं. तू वडलांना पण सोडलं नाहीस?”

“चर्चच्या वहीत लग्न आहे. ते हिरवं केलंय. प्रेमाचं काही लिहिलेलं नाही.”

पलीकडे गाडीचा इंडिकेटर टकटक करत होता. “ओके, I get it. तू स्टेटमेंट करतेयस.”

“नाही रे. पहिला तक्ता चुकीचा होता. मी मुलामुलीचं तपासलंच नव्हतं, मुलीमुलीचंच तपासलं. एकाच पुस्तकात दोन मापं वापरली. ते दुरुस्त केलं.”

“आता मी मार्गरेटला काय सांगू? नियमाने सगळंच काढावं लागेल. मग पुस्तकात राहतं काय?”

“संप,” अनुया म्हणाली. “आणि साबण.”

तो हसला, मनात नसताना. मग म्हणाला, “हे विनोदाचं नाही. तिला वाटेल तू काम अवघड करणारी बाई आहेस. पुढचं पुस्तक तुला द्यायचं मी बोललो होतो. ते मी आता बोलू शकणार नाही. म्हणून शेवटचं विचारतोय, ही अकरा काढतेस का? जुना तक्ता परत पाठव. मी तुझ्यासाठी म्हणतोय.”

पार्टी रूमच्या काचेतून पार्किंग दिसत होतं. स्वानंद बर्फासाठीचे विंटर टायर घालायला गाडी घेऊन निघाला होता आणि हात हलवत होता. अनुयानेही हात हलवला.

“जुना चुकीचा आहे,” ती म्हणाली. “नवा पाठव. दोन्हीकडे माझीच सही आहे, पण बरोबर हाच आहे.”

“ओके,” अनुप म्हणाला. “ओके, ताई.” याआधी त्याने तिला कधी ताई म्हटलं नव्हतं. तो चिडलेला होता की नाही, ते तिला कळलं नाही.

शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेले. स्वानंदने एकदा विचारलं, “झालं का तुझं चिली?” ती म्हणाली, “माझ्याकडून झालं.”

सोमवारी मार्गरेटचं चार ओळींचं पत्र आलं, अनुयाला आणि हिमेनाला एकत्र. माणसांच्या मनातलं आणि दाराआडचं यापुढे तक्त्यात येणार नाही. ते कादंबरीकाराचं काम आहे, तपासणाऱ्याचं नाही. चौदावं प्रकरण राहील. मात्र या पुस्तकाच्या शेवटी, अनुयाने केलेली यादी जशीच्या तशी छापावी, ‘यांना आधार सापडला नाही’ या मथळ्याखाली. सगळ्या नोंदी, पानांच्या क्रमाने: वडलांचं प्रेम, मॅनेजरचं पत्र, टाकीमागचं चुंबन, रोसा आणि एलेनाची खोली. शाळेतल्या पालकांना ज्यावर हरकत घ्यायची असेल त्यावर घेऊ दे. लालला मात्र सवलत नाही. एलेनाचं वाक्य शुक्रवारच्या आत बदलून हवं. पुढच्या पुस्तकाविषयी पत्रात शब्द नव्हता.

हिमेनाचं उत्तर आलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. अनुयाला वाटलं, बाईने पुस्तकच मागे घेतलं. एका वाक्यासाठी माणसं असं करतात, आणि ते वाक्य तर नववीतल्या मुलीचं होतं. तिने दोनदा पत्र लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. लालबद्दल माफी मागणं म्हणजे लाल मागे घेणं, आणि लाल तर बरोबर होतं.

गुरुवारी एक वाजता, अबोली झोपलेली असताना, हिमेनाकडून एक ओळ आली. खाली नाव नाही, वर मायना नाही. चौदाव्या प्रकरणाचा नवा शेवट:

‘एलेना म्हणाली, तू झोप. टाकी उघडेल तेव्हा पाणी मी भरते, आपल्या दोघींचं.’

आणि त्याखाली: हे तपास. मावशी रोज भरायची असं आजी म्हणायची, पण आजीचं काय, तीही पिवळीच.

अनुयाने खुर्ची पुढे ओढली. वस्तीतल्या टाकीची वेळ, घरटी किती पाणी, रांगेत बायका असत की पुरुष, सगळं शोधायला तिला पन्नास मिनिटं लागली. कंपनीच्या एका सूचनेत होतं: टाकी पहाटे पाचला उघडेल, खोलीगणिक दोन बादल्या, खोलीतल्या कुणीही एकाने न्याव्यात. एका अभियंत्याच्या पत्रातही तेच होतं, आणि वर तक्रार, की बायका रांगेत फार बोलतात.

दोन आधार झाले. तिने ती ओळ हिरवी केली. चौदाव्या प्रकरणातल्या माणसांनी केलेल्या गोष्टींपैकी हिरवी झालेली ती पहिलीच. तक्ता हिमेनाला पाठवला, सोबत एवढंच लिहिलं: पाच वाजता. दोन बादल्या.